केव्हीएममध्ये आयओइव्हेंटएफडी आणि आयआरक्यूएफडी: जोडणी, क्रम आणि अडकायच्या जागा

केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलमधली आभासी यंत्रं (व्हीएम) चालवणारी सोय, आणि अशा यंत्रात चालणारी सिस्टिम म्हणजे गेस्ट. गेस्टमधला व्हर्टआयओ (आभासी डिव्हाइसांसाठीचं प्रमाण) ड्रायव्हर क्यूमध्ये काम टाकतो आणि डिव्हाइसला कळवण्यासाठी एका रजिस्टरवर त्या क्यूचा क्रमांक लिहितो. एवढ्याशा लिखाणाची साध्या मांडणीत बरीच यातायात होते. व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) गेस्टमधून बाहेर पडतो, म्हणजे एक्झिट होतो, केव्हीएम ती इन्स्ट्रक्शन उलगडून बघतं, पत्ता कर्नलच्या ओळखीचा नाही म्हणून केव्हीएम_रन हा आयऑक्टल (प्रोग्रामने कर्नलला केलेला कॉल) युजरस्पेसमध्ये परततो, तुमचा कोड एक्झिटचं कारण वाचतो, काम उरकतो आणि पुन्हा गेस्टमध्ये शिरतो. तोवर तो व्हीसीपीयू खोळंबलेला. डिस्कवरून वाचायला लागलेला वेळही गेस्टच्या सीपीयूच्या खात्यात जातो.

आयओइव्हेंटएफडी ही यातायात कर्नलमध्येच संपवतं. ठरलेल्या पत्त्यावर लिखाण झालं की केव्हीएम एक इव्हेंटएफडी (निरोप देण्यापुरता फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे एफडी) वाजवतं आणि व्हीसीपीयू तिथूनच गेस्टमध्ये परततो. काम दुसऱ्या थ्रेडवर होतं. उलट्या दिशेला आयआरक्यूएफडी असतं: इव्हेंटएफडीवर कोणीही लिहिलं की गेस्टला इंटरप्ट. ही दोन्ही लिनक्स २.६.३२ मध्ये, म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये आली. ज्याच्यावर ती उभी आहेत तो इव्हेंटएफडी २००७ च्या २.६.२२ पासून आहे. कर्नलच्या सोर्समध्ये 'व्हर्ट' फोल्डरच्या आत 'केव्हीएम' आहे, त्यातल्या इव्हेंटएफडीच्या एकाच सी फाइलमध्ये दोघांचा कोड सापडतो. अडलं तर आधी ती फाइल उघडा, मग शोधाशोध करा.

खाली एक्स८६-६४ होस्ट, स्वतः लिहिलेला छोटा व्हीएमएम (व्हीएम चालवणारा युजरस्पेसमधला प्रोग्राम) आणि व्हर्टआयओ-एमएमआयओ डिव्हाइस (रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवर असलेलं, रजिस्टर मांडणीची आवृत्ती २) धरलं आहे. नावं देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये लिनक्सच्या केव्हीएम हेडर फाइलमधली रूपं घ्या.

इव्हेंटएफडी म्हणजे घंटा, टपाल नव्हे

इव्हेंटएफडीच्या पोटात एक ६४ बिटांचा आकडा असतो, बाकी काही नाही. त्यावर लिहिलं की लिहिलेला आकडा आतल्या आकड्यात मिळवला जातो. वाचलं की साठलेला आकडा हाती येतो आणि आत शून्य उरतं. लिहिताना आणि वाचताना बफर किमान ८ बाइटचा हवा, कमी दिला तर ईइन्व्हॅल ही चुकीच्या पॅरामीटरची एरर. आकडा शून्य असताना वाचायला गेलात तर थ्रेड अडकून बसतो. नॉनब्लॉक फ्लॅग दिला असेल तर ईअगेन मिळतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचे बहुतेक गोंधळ त्या विसरल्यामुळे होतात. पहिली: गेस्टने दहादा किक दिली (म्हणजे डिव्हाइसला कळवणारं ते लिखाण केलं) आणि तुमचा थ्रेड मध्ये उठलाच नाही, तर तुम्हाला एकदाच जाग येते. मिळालेल्या आकड्यावरून 'दहा कामं आली' असा हिशोब करू नका. कामं किती ते फक्त रिंगमध्ये (गेस्ट आणि डिव्हाइसच्या सामायिक मेमरीतल्या क्यूमध्ये) बघून कळतं. दुसरी: गेस्टने रजिस्टरवर काय लिहिलं ते कुठेच राहत नाही. आयओइव्हेंटएफडी प्रत्येक लिखाणाला आकड्यात १ मिळवतं, लिहिलेली किंमत टाकून देतं.

म्हणून ही सोय फक्त क्यू-नोटिफाय रजिस्टरसाठी वापरा. स्टेटस रजिस्टरवर ती लावायचा मोह होतो, पण तिथे किंमतच महत्त्वाची असते. शिवाय रीसेट करताना ड्रायव्हर स्टेटसमध्ये शून्य लिहितो आणि ते खरंच शून्य झालं का हे वाचून बघतो. हा व्यवहार जागच्या जागीच व्हायला हवा. कॉन्फिगरेशनची रजिस्टरं दिवसातून चार वेळा वापरात येतात, त्यांचा वेग वाढवून काहीच पदरात पडत नाही.

सेमाफोर फ्लॅग देऊ नका. तो दिला तर प्रत्येक वाचनाला आकडा एकेकाने उतरतो आणि रिंग कधीच रिकामी झालेली असली तरी थ्रेड फुकट उठत राहतो. नॉनब्लॉक आणि क्लोज-ऑन-एक्झेक हे दोन फ्लॅग मात्र नेहमी द्या.

सुरू करण्याआधी

केव्हीएमचा डिव्हाइस उघडून चेक-एक्स्टेन्शन आयऑक्टलने क्षमता विचारून घ्या: आयआरक्यूएफडी (क्रमांक ३२), आयओइव्हेंटएफडी (३६), लेव्हल इंटरप्टसाठी आयआरक्यूएफडी-रीसँपल (८२) आणि शून्य लांबीसाठी आयओइव्हेंटएफडी-एनी-लेंग्थ (१२२). आजकालच्या कर्नलवर सगळ्या मिळतात, पण विचारायला एक ओळ लागते आणि न विचारल्याचा ताप नंतर होतो.

व्हीएम बनवल्यावर कर्नलमधला इंटरप्ट कंट्रोलर क्रिएट-आयआरक्यूचिप आयऑक्टलने लगेच उभा करा. एक्स८६ वर पहिला व्हीसीपीयू बनल्यानंतर हा कॉल नाकारला जातो, आणि हा कंट्रोलर कर्नलमध्ये नसेल तर आयआरक्यूएफडीला इंटरप्ट द्यायला जागाच नाही.

डिव्हाइसचा पत्ता ३.२५ जीबीवर ठेवू: हेक्समध्ये डी आणि पुढे सात शून्यं. आकार ४ केबी, इंटरप्ट ५. गेस्ट लिनक्सला हे कर्नल कमांडलाइनवरच्या व्हर्टआयओ-एमएमआयओच्या पॅरामीटरमधून सांगता येतं. इथे एक सापळा आहे. गेस्टची मेमरी तुम्ही ४ जीबीचा एकच सलग तुकडा म्हणून नोंदवली असेल तर डिव्हाइसचा पत्ता रॅममध्ये जातो. मग गेस्टचं लिखाण साध्या मेमरीत पडतं, एक्झिट होत नाही, इव्हेंट वाजत नाही, चुकीचा निरोपही येत नाही. नुसती शांतता. रॅमचा पहिला तुकडा डिव्हाइसच्या पत्त्याच्या खाली संपवा आणि उरलेला ४ जीबीच्या वर नोंदवा.

किकची बाजू: आयओइव्हेंटएफडी

व्हर्टआयओ-एमएमआयओमध्ये क्यू-नोटिफाय रजिस्टर बेसपासून हेक्स ५० वर असतं आणि ड्रायव्हर त्यावर ४ बाइटमध्ये क्यूचा क्रमांक लिहितो. सगळ्या क्यूंना मिळून रजिस्टर एकच, म्हणून कोणती क्यू ते किमतीवरून ओळखायचं. केव्हीएमच्या स्ट्रक्चरमध्ये त्यासाठी डेटामॅच हा रकाना आहे. स्ट्रक्चर ६४ बाइटचं. आधी ते पूर्ण शून्याने भरा, मग प्रत्येक क्यूसाठी:

१. एक इव्हेंटएफडी उघडा.
२. पत्ता: बेस अधिक हेक्स ५०.
३. लांबी: ४.
४. डेटामॅच: क्यूचा क्रमांक, ०, १, २ असा.
५. फ्लॅगमध्ये डेटामॅचचा बिट (बिट ०) लावा. एमएमआयओ असल्याने पीआयओचा, म्हणजे आयओ पोर्टचा, बिट (बिट १) नको.
६. एफडी भरा आणि व्हीएमच्या एफडीवर केव्हीएम_आयओइव्हेंटएफडी आयऑक्टल करा. व्हीसीपीयूच्या एफडीवर नव्हे.

पाचवी पायरी हमखास सुटते. डेटामॅचचा रकाना भरला पण फ्लॅगचा बिट लावला नाही, तर केव्हीएम किंमत बघतच नाही. पहिली नोंद 'कोणतीही किंमत चालेल' अशी होते आणि दुसऱ्या क्यूची नोंद ईएक्झिस्ट ('आधीच आहे') म्हणून परत येते. क्यू एकच असेल तर हा घोटाळा कधी उघडच होत नाही, दुसरी क्यू आल्यावरच दिसतो. तेव्हा ईएक्झिस्ट आला की आधी फ्लॅग बघा; एकाच पत्त्यावर दोनदा नोंद झाली आहे का ते नंतर.

ईइन्व्हॅल आला तर लांबी ०, १, २, ४, ८ यांपैकी नाही, अनोळखी फ्लॅग लागला आहे किंवा लांबी शून्य असताना डेटामॅच मागितला आहे. ही शेवटची जोडी चालत नाही. किती बाइट वाचायचे तेच सांगितलं नाही तर किंमत जुळवणार कशाशी?

लांबीसुद्धा तंतोतंत जुळावी लागते. नोंद ४ बाइटची आणि गेस्टने लिहिले २, तर ती किक जुन्या वाटेने युजरस्पेसमध्ये येते. म्हणून एमएमआयओ एक्झिट हाताळणाऱ्या कोडमधून क्यू-नोटिफायची शाखा काढून टाकू नका. तिथे त्या क्यूच्या इव्हेंटएफडीवर स्वतः १ लिहा आणि एक काउंटर वाढवा. जोडणी नीट असेल तर तो काउंटर शून्यावरच राहील. हलला तर काय चुकलं ते शोधायला तिथूनच सुरुवात करता येते. नोंद फक्त लिखाणाला लागू असते, त्याच पत्त्यावरचं वाचन नेहमीसारखं युजरस्पेसकडे येतं.

व्हर्टआयओ-पीसीआयमध्ये थोडा फरक पडतो. जुन्या पद्धतीत पहिल्या बारच्या (डिव्हाइसला दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याच्या) आयओ पोर्टमध्ये हेक्स १० वर २ बाइटचं लिखाण होतं, तिथे पीआयओचा बिट लावायचा. आधुनिक पद्धतीत नोटिफायच्या कॅपॅबिलिटीत एक गुणक असतो. तो शून्य नसेल तर प्रत्येक क्यूला वेगळा पत्ता देता येतो आणि डेटामॅचची गरजच संपते. मग लांबी शून्य देऊन नोंद करा. इंटेलवर ईपीटी (गेस्टच्या मेमरीचे पत्ते हार्डवेअरमध्येच उलगडणारी सोय) असेल तर अशा नोंदीला इन्स्ट्रक्शन उलगडून बघायचीही गरज पडत नाही. केव्हीएमकडे या जलद एमएमआयओसाठी वेगळी बस आहे. एमएमआयओ आणि पोर्ट यांच्या वेगातला जुना फरक मुख्यतः या उलगडण्याचाच होता. पोर्टच्या बाबतीत कोणता पोर्ट आणि किती बाइट हे प्रोसेसर एक्झिटबरोबरच सांगतो, एमएमआयओच्या बाबतीत ते इन्स्ट्रक्शन वाचून काढावं लागतं.

एक खबरदारी: नोटिफिकेशन-डेटा हे व्हर्टआयओचं फीचर ड्रायव्हरला देऊ केलंत तर तो क्यूच्या क्रमांकासोबत रिंगमधली पुढची जागाही त्याच ४ बाइटमध्ये लिहितो. ती किंमत दर वेळी बदलणार, डेटामॅच कधीच जुळणार नाही आणि प्रत्येक किक युजरस्पेसमध्ये येऊन पडेल. दोन्ही एकत्र वापरू नका.

पीसीआयवर गेस्ट बारचा पत्ता बदलू शकतो. कमांड रजिस्टरमधला मेमरी-एनेबल बिट लागेल तेव्हा नोंद करा, उतरेल तेव्हा काढा. बारचा आकार मोजताना गेस्ट तिथे सगळे एक लिहून बघतो, त्या आकड्याला पत्ता समजून नोंद केली तर फजिती होते.

थ्रेडमधला क्रम

नोंद झाली, आता डिव्हाइसचा थ्रेड ईपोलवर (अनेक एफडींची एकत्र वाट बघायची लिनक्सची सोय) त्या इव्हेंटएफडीची वाट बघत बसेल. जागा झाल्यावर त्याने काय कोणत्या क्रमाने करायचं यात चूक झाली, तर डिस्क शंभरदा चालेल आणि एकशे एकाव्या वेळी गोठेल.

अ. आधी इव्हेंटएफडी वाचून रिकामा करा. हे सगळ्यात आधी.
आ. 'सध्या किक नको' असं रिंगमध्ये नोंदवा: यूज्ड रिंगच्या (डिव्हाइसने संपवलेल्या कामांच्या यादीच्या) फ्लॅग्जमध्ये नो-नोटिफायचा बिट. इव्हेंट-इंडेक्स फीचर ठरलं असेल तर अव्हेल-इव्हेंट (कोणत्या कामाला किक हवी तो आकडा) जुन्याच जागी राहू द्या.
इ. अव्हेल इंडेक्सशी (ड्रायव्हरने कुठवर कामं टाकली त्या आकड्याशी) बरोबरी होईपर्यंत सगळी कामं उचला.
ई. 'आता किक द्या' असं नोंदवा: बिट उतरवा किंवा अव्हेल-इव्हेंट पुढे सरकवा.
उ. पूर्ण मेमरी बॅरियर टाका.
ऊ. अव्हेल इंडेक्स पुन्हा वाचा. नवं काम दिसलं तर परत 'आ' वर. नसेल तर ईपोलवर जा.

'अ' शेवटी नेलात तर काय होतं बघा. तुम्ही कामं संपवली, रिंग रिकामी दिसली, त्याच क्षणी गेस्टने काम टाकून किक दिली, आणि मग तुम्ही इव्हेंटएफडी रिकामा केलात. किक पुसली गेली. गेस्टच्या लेखी निरोप पोचला आहे, तुमच्या लेखी काम नाही. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. पुढची किक आली तर गाडी हलते, म्हणून वर्दळ असताना हे दिसत नाही. एकच वाचन सुटलेलं आणि त्यावर फाइल सिस्टिम थांबलेली, अशा वेळी मात्र गेस्ट मिनिटभर, दोन मिनिटं, कायमचा अडकतो.

'उ' मधल्या बॅरियरचंही तेच. 'एक्स८६ वर बॅरियर लागत नाही' असा समज पसरलेला आहे. लिखाणानंतरचं दुसऱ्या पत्त्याचं वाचन एक्स८६ वरही पुढे सरकू शकतं. लिखाण स्टोअर बफरमध्ये रेंगाळतं आणि वाचन आधी होऊन जातं. मग तुम्हाला जुना इंडेक्स दिसतो, गेस्टला जुना नो-नोटिफाय बिट दिसतो आणि किक कोणी देतच नाही. इथे पूर्ण बॅरियरच लागतो, नुसता लिखाणाचा किंवा नुसता वाचनाचा पुरत नाही.

ईपोल लेव्हल पद्धतीने वापरलात आणि 'अ' विसरलात तर उलटी गंमत होते: थ्रेड झोपतच नाही, एक सीपीयू १०० टक्क्यांवर. हा दोष त्यातल्या त्यात बरा, लगेच दिसतो तरी.

इंटरप्टची बाजू: आयआरक्यूएफडी

याचं स्ट्रक्चर ३२ बाइटचं: एफडी, जीएसआय (इंटरप्टचा क्रमांक), फ्लॅग्ज, रीसँपल-एफडी आणि मोकळी जागा. आपल्या डिव्हाइससाठी नवा इव्हेंटएफडी, जीएसआय ५, फ्लॅग्ज ० आणि व्हीएमच्या एफडीवर केव्हीएम_आयआरक्यूएफडी. झालं. किकचा इव्हेंटएफडी इथे पुन्हा वापरू नका; प्रत्येक दिशेला वेगळा घ्या. एकच इव्हेंटएफडी दोन इंटरप्टना लावला तर ईबिझी मिळतो. आणि नोंद झाल्यावर हा इव्हेंटएफडी युजरस्पेसमध्ये कोणी वाचायचा नाही, त्याचा ग्राहक आता कर्नल आहे. नोंदीच्या आधीच त्यावर कोणी लिहिलं असेल तर काळजी नको: नोंद करताना केव्हीएम साठलेला इव्हेंट तपासतं आणि इंटरप्ट देतं.

काम पूर्ण झाल्यावरचा क्रम असा: यूज्ड रिंगमधली नोंद लिहा, लिखाणाचा बॅरियर, यूज्ड इंडेक्स वाढवा, पूर्ण बॅरियर, ड्रायव्हरला इंटरप्ट हवा आहे का ते बघा, हवा असेल तर इंटरप्ट-स्टेटस रजिस्टरमधला बिट ० ॲटॉमिक पद्धतीने लावा, आणि मग इव्हेंटएफडीवर १ लिहा.

इंटरप्ट-स्टेटस आधी, घंटा नंतर. उलट केलंत तर गेस्टचा हँडलर येऊन स्टेटस वाचतो, शून्य दिसतं, 'हा इंटरप्ट माझा नाही' म्हणून परत जातो. एखाद्या वेळी झालं तर एक काम रखडतं. सतत झालं तर गेस्टच्या लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' ही ओळ येते आणि लिनक्स ती इंटरप्ट लाइनच बंद करून टाकतं. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० च्या वर बेवारस निघाले की ही कारवाई होते.

साधा आयआरक्यूएफडी लाइन वर नेतो आणि लगेच खाली आणतो, म्हणजे एज इंटरप्ट. एक्स८६ वर इंटरप्ट ५ सारख्या आयएसए लाइनना ते चालतं. पीसीआयची आयएनटीएक्स लाइन लेव्हलची (डिव्हाइसचं काम संपेपर्यंत वर राहणारी) असते, तिला ते पुरत नाही. तिथे रीसँपलचा फ्लॅग (बिट १) आणि दुसरा इव्हेंटएफडी द्या: केव्हीएम लाइन वर ठेवतं, गेस्टने ईओआय (इंटरप्ट हाताळून झाल्याची खूण) दिला की खाली आणतं आणि रीसँपल-एफडी वाजवतं. डिव्हाइसचं काम अजून बाकी असेल तर तुम्ही पुन्हा पहिल्या एफडीवर लिहायचं. एक्स८६ वर त्यासाठी आयओएपिक (इंटरप्ट लाइन प्रोसेसरपर्यंत नेणारा कंट्रोलर) सुद्धा कर्नलमध्येच हवा. स्प्लिट मांडणीत, म्हणजे आयओएपिक युजरस्पेसमध्ये असताना, रीसँपल मिळत नाही.

व्हर्टआयओ-एमएमआयओची एक कायमची अडचण इथेच सांगितलेली बरी. प्रत्येक इंटरप्टला गेस्ट इंटरप्ट-स्टेटस (हेक्स ६०) वाचतो आणि इंटरप्ट-ॲक (हेक्स ६४) लिहितो. दोन्ही युजरस्पेसपर्यंत येतात. किकची बाजू कितीही गुळगुळीत केली तरी इंटरप्टमागे दोन फेऱ्या राहतात. त्या नको असतील तर पीसीआय आणि एमएसआय-एक्सकडे (लाइनऐवजी मेमरीतल्या लिखाणाने दिलेल्या इंटरप्टकडे) जा. तिथे स्टेटस वाचावाच लागत नाही.

एमएसआय आणि राउटिंगचा तक्ता

एमएसआयसाठी जीएसआय हा नुसता एक खुंटीचा नंबर. त्या नंबरला एमएसआयचा पत्ता आणि डेटा सेट-जीएसआय-राउटिंग आयऑक्टलने बांधायचा. आयओएपिकच्या २४ पिन ० ते २३ घेतात, म्हणून एमएसआयचे नंबर २४ पासून पुढे द्या.

हा आयऑक्टल तक्त्यात भर घालत नाही, अख्खा तक्ता बदलतो. आयआरक्यूचिप बनवताना केव्हीएमने जो मूळ तक्ता भरला होता तो तुमच्या एका एमएसआय नोंदीने पुसला जातो, आणि त्यानंतर सिरियल कन्सोल मुका होतो, जुन्या लाइनवरचे इंटरप्ट येत नाहीत. तक्ता परत वाचायचा आयऑक्टलही नाही. म्हणून स्वतःकडे प्रत ठेवा. एक्स८६ वर सुरुवातीला त्यात ४० ओळी हव्यात: जीएसआय ० ते १५ साठी प्रत्येकी दोन (एक पिक या जुन्या इंटरप्ट कंट्रोलरसाठी, एक आयओएपिकसाठी) आणि १६ ते २३ साठी प्रत्येकी एक. एमएसआयच्या ओळी त्याखाली. बदल झाला की पूर्ण तक्ता पुन्हा पाठवा.

गेस्टने एमएसआय-एक्सचा व्हेक्टर मास्क केला तर त्याचा आयआरक्यूएफडी काढा आणि त्या काळात आलेला इव्हेंट पेंडिंग बिटमध्ये दाखवा. अनमास्क झाल्यावर पुन्हा जोडा.

व्हीहोस्टला दोन्ही टोकं देणं

इथे या मांडणीचा खरा फायदा हाती येतो. नेटवर्कसाठी व्हीहोस्ट-नेट (लिनक्स २.६.३४ पासून) कर्नलमध्येच रिंग हाताळतं. मालक, फीचर्स, मेमरीचा तक्ता, रिंगचा आकार आणि पत्ते देऊन झाल्यावर प्रत्येक क्यूसाठी व्हीरिंग-किकमध्ये आयओइव्हेंटएफडीला दिलेला एफडी आणि व्हीरिंग-कॉलमध्ये आयआरक्यूएफडीला दिलेला एफडी द्या, शेवटी बॅकएंड जोडा. मग पॅकेटच्या वाटेत तुमचा प्रोसेस उरत नाही. केव्हीएमला व्हीहोस्ट माहीत नाही, व्हीहोस्टला केव्हीएम माहीत नाही. दोघांच्या हातात फक्त एकेका घंटेची दोरी.

पण वरची एमएमआयओची अडचण आठवा. व्हीहोस्ट थेट आयआरक्यूएफडी वाजवतो, आणि इंटरप्ट-स्टेटसचा बिट तर तुमच्या प्रोसेसमध्ये असतो. तो कोण लावणार? म्हणून एमएमआयओवर कॉलचा एफडी आधी स्वतःच्या थ्रेडकडे घ्या, स्टेटस लावा, मग आयआरक्यूएफडी वाजवा. थोडा वेग जातो. एमएसआय-एक्सवर ही मधली पायरी लागत नाही.

काढताना

दोन्ही आयऑक्टलना डीअसाइनचा फ्लॅग आहे. आयओइव्हेंटएफडीला बिट २, आयआरक्यूएफडीला बिट ०. आयओइव्हेंटएफडी काढताना पत्ता, लांबी, एफडी आणि डेटामॅच सगळं नोंदीसारखंच हवं, आणि डेटामॅच व पीआयओचे बिटही सोबत लावायचे. नाहीतर ईएनओईएनटी ('अशी नोंद नाही').

एफडी बंद करण्याआधी डीअसाइन करा. आयआरक्यूएफडीचा शेवटचा एफडी बंद झाला तर केव्हीएम स्वतःहून नोंद काढतं. आयओइव्हेंटएफडीचं तसं नाही: कर्नलने आतली वस्तू धरून ठेवलेली असते, नोंद तशीच राहते, गेस्टच्या किक कोणी ऐकत नसलेल्या घंटेवर पडतात. आणि काढायला तोच एफडी लागतो, जो आता तुमच्याकडे नाही. त्याच पत्त्यावर नवी नोंद करायला गेलात की ईएक्झिस्ट. डिव्हाइस रीसेट केल्यावर पुन्हा चालू होत नाही, अशा तक्रारीत हे आधी तपासा.

एफडींचा हिशोबही करून ठेवा. आठ जोड्यांच्या नेटवर्क डिव्हाइसला कंट्रोल धरून १७ क्यू, प्रत्येकी दोन एफडी, म्हणजे ३४. अशी ३० डिव्हाइसं लावली तर १,०२०. बऱ्याच ठिकाणी प्रोसेसची सुरुवातीची मर्यादा १,०२४ असते, आणि डिस्क, टॅप, व्हीसीपीयू यांचे एफडी अजून मोजलेलेच नाहीत. मर्यादा प्रोसेस सुरू होतानाच वाढवून घ्या.

गोठलं तर कुठे बघायचं

प्रॉक फाइल सिस्टिममध्ये तुमच्या प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरात प्रत्येक इव्हेंटएफडीचा साठलेला आकडा हेक्समध्ये दिसतो. गोठलेल्या क्यूचा किक-एफडी तिथे बघा. आकडा शून्य नसेल तर घंटा वाजली आहे आणि तुमचा थ्रेड उठलेला नाही: ईपोलमध्ये तो एफडी घातला आहे का, थ्रेड दुसऱ्याच कुलुपावर अडकला आहे का ते बघा. आकडा शून्य असेल आणि रिंगमध्ये अव्हेल इंडेक्स पुढे गेलेला असेल, तर एक तर किक पुसली गेली किंवा गेस्टने दिलीच नाही. डीबगरने प्रोसेसला जोडून त्या एफडीवर हाताने १ लिहा. क्यू लगेच धावायला लागली तर 'अ' ते 'ऊ' या क्रमात खोट आहे, बहुधा 'अ' किंवा 'उ' मध्ये.

हाताने किक देऊनही गेस्ट गप्प असेल तर यूज्ड इंडेक्स बघा. तो पुढे गेला असेल तर काम झालं आहे, इंटरप्ट पोचलेला नाही. गेस्टच्या प्रॉकमधल्या इंटरप्टच्या यादीत त्या लाइनचा आकडा वाढतो का ते दोनदा वाचून बघा. वाढत नसेल तर राउटिंगचा तक्ता. वाढत असूनही काम अडलेलं असेल तर इंटरप्ट-स्टेटसचा क्रम.

किक खरंच कर्नलमध्ये संपते का हे पर्फ या लिनक्सच्या मोजमापाच्या साधनाने तपासता येतं. केव्हीएमच्या ट्रेसपॉइंटमधला युजरस्पेस-एक्झिट मोजा, गेस्टमध्ये डिस्कवर सतत वाचन लावा, आणि हा आकडा नोंदीच्या आधी व नंतर ताडून बघा. शून्य लांबीची नोंद केली असेल तर फास्ट-एमएमआयओ हा ट्रेसपॉइंटही वाढताना दिसला पाहिजे. नुसत्या एकूण एक्झिटवर जाऊ नका: आयओइव्हेंटएफडीने एक्झिट वाचत नाही, वाचते ती युजरस्पेसपर्यंतची फेरी.

स्नॅपशॉट घेणार असाल तर इव्हेंटएफडीतला साठलेला आकडा त्यात येत नाही हे लक्षात ठेवा. व्हीसीपीयू थांबवा, मग डिव्हाइसचे थ्रेड रिंग रिकामी करून थांबू द्या, मग स्थिती जपा. परत उभं करताना नोंदी पूर्ण झाल्यावर प्रत्येक चालू क्यूच्या किक-एफडीवर एकदा १ लिहा. काम नसेल तर थ्रेड उठेल, रिंग रिकामी बघेल आणि पुन्हा झोपेल.